बंड्या आणि आंघोळ : आता आठवड्यातून दोनदा घालायचीय, मदत करा

सुदामानगरवाली | ५ जुलै, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायची वेळ आज आली.

आमचा बंड्या. वय तीन, वजन एकवीस किलो, गल्लीतलंच पिल्लू. इंदूरला सुदामा नगरात राहतो आम्ही : मी, नवरा, सासूबाई. एरवी बंड्या इतका गरीब की कचरागाडीचं गाणं ऐकू आलं तरी शेपूट हलवत फाटकाशी जातो. आंघोळ म्हटलं की मात्र तो आमचा राहत नाही.

मूळ चूक आमचीच. मागच्या वर्षीची रंगपंचमी. गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते राजवाड्यावर, पण तिचा रंग आमच्या गल्लीपर्यंत येतो. गेर बघून परतणाऱ्या पोरांनी फाटकावरून बादलीभर पक्का हिरवा रंग त्याच्यावर ओतला. चाटून पोटात जाईल म्हणून आम्ही दोघांनी आणि शेजारच्या मुलाने त्याला बाथरूममध्ये कोंडून पाऊण तास घासला. तो ओरडत होता, मी रडत होते, सासूबाई दारातून सूचना देत होत्या. रंग आठवड्याने गेला. भीती काही गेली नाही.

वर्षभर ओल्या फडक्यावर भागवलं. आता काखेत, पोटाखाली आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात कातडी तेलकट, काळपट झालीय, खवट वास येतो, रात्रभर चाटत बसतो. डॉक्टरांनी कातडीवर चिकटपट्टी दाबून नमुना काचेवर पाहिला. यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, निघालं. क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनाझोलचा शाम्पू दिलाय. आठवड्यातून दोनदा, फेस अंगावर दहा मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचा. दहा मिनिटं! इथे दहा सेकंदांची मारामार.

परवा पहिला प्रयत्न केला. दिवाणाखालून ओढून काढलं तर बंड्याने यांच्या मनगटाकडे वळून तोंड मिटलं. दात लागला नाही, पण दातांवर दात आपटल्याचा तो 'खट्' आवाज माझ्या कानातून जात नाहीये. तीन वर्षांत पहिल्यांदा.

काय करू?

पोहे_शेव_मारके | ५ जुलै, रात्री १०:४२

ताई, एवढं काही नसतं. दोघांनी धरायचं, चार मग ओतायचे, मोकळं. कुत्रा आहे तो, जावई नाही. आमचा टायगर दोन वेळा गुरगुरला, तिसऱ्यांदा गप उभा राहिला.

अर्धी_डॉक्टर | ६ जुलै, सकाळी ७:१५

इंदूरजवळ महूच्या वेटरनरी कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून आयडी अर्धी. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यावर माझं काही नाही, फक्त भर घालते.

पहिली गोष्ट, त्या 'खट्'बद्दल त्याला रागावू नका. एकवीस किलोच्या कुत्र्याला वितीवरचं मनगट धरायचं असतं तर चुकलं नसतं. त्याने सांगितलं की पुढे येऊ नका. सांगितल्याबद्दल मार खाल्ला तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

पोहे दादा, टायगर गप उभा राहिला म्हणजे राजी झाला असं नव्हे. कान मागे, शेपूट पोटाशी, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, सारखा ओठ चाटतोय, झोप नसताना जांभया देतोय, समोर धरलेला पनीरचा तुकडाही घेत नाही, असं असेल तर त्याने नाद सोडलाय इतकंच. काही कुत्री तशीच जन्म काढतात, काही एक दिवस तोडतात.

सुदामानगर ताई, दोन कामं. एक, डॉक्टरांना विचारा की हेच औषध वाइप्स किंवा फेसाच्या, म्हणजे न धुवायच्या रूपात पंधरा-वीस दिवस चालेल का. तेवढी सवड मिळाली तर आंघोळ शिकवता येईल. कानही दाखवून घ्या, यीस्ट कानातही असतं आणि दुखऱ्या कानाचा कुत्रा डोक्याशी हात नेऊ देत नाही. दोन, आठवडाभर आंघोळीचं नाव काढू नका, फक्त वहीत लिहा : तो नेमका कुठे बिथरतो? पाणी पडल्यावर, बाथरूमच्या दारात, की त्याच्याही आधी?

छत्रीबागचे_काका | ६ जुलै, दुपारी १:३०

आमच्याकडे आतापर्यंत चार कुत्री झाली, पाचवं आता ही पाळू देत नाही.

पाण्याचं सोडा, आधी फरशी बघा. हल्लीच्या बाथरूमच्या टाइल्स म्हणजे साबण पडला की बर्फ. माणसाला धरायला नळ असतो, कुत्र्याला काय? आमची पॉमेरियन एकदा मागच्या दोन्ही पायांनी फताडी झाली ती पुन्हा बाथरूमचा उंबरा चढली नाही. शेवटी गव्हाचं रिकामं पोतं ओलं करून चार घड्या घालून अंथरलं, त्यावर ती राणीसारखी उभी.

आणि गार पाणी नको. आमच्या लॅब्राडॉरला एकदा थंडीत सकाळी बोरिंगच्या गार पाण्याने धुतलं. दुसऱ्या दिवशी शेपूट चार बोटं सरळ आणि पुढे लुळं, दोरी लोंबावी तसं. मला वाटलं मोडलं. डॉक्टर म्हणाले, शेपटीच्या मुळाचे स्नायू धरलेत, गार पाण्याने लॅब्राडॉरमध्ये होतं असं. पाच दिवसांनी हलायला लागलं. ते पाच दिवस घरात सुतक असल्यासारखं वाटत होतं.

अलकापुरीची_शलाका | ६ जुलै, दुपारी ४:०५

काकांच्या पोत्याला +१. बडोद्याला माझी बीगल बाथरूमच्या भिंतीवरचं दही चाटते, तेवढ्यात मी तिला धुते. घट्ट, बिनसाखरेचं दही तिच्या नाकाच्या उंचीवर टाइलला थापायचं. पीनट बटरही चालतं, पण डब्यावरचं बारीक वाचा, झायलिटॉल असेल तर कुत्र्याला विष आहे.

कडू_कारलं | ६ जुलै, सायंकाळी ७:५०

महागडे शाम्पू कशाला? बादलीत दोन झाकणं डेटॉल आणि कडुनिंबाचा पाला. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच.

अर्धी_डॉक्टर | ६ जुलै, रात्री ९:२०

कारलं काका, डेटॉल नको. कातडी आधीच सोललेली आहे, आणि कुत्रं अंग चाटतं. घरात मांजर असेल तर तिच्यासाठी तर ते फारच वाईट. आपला शाम्पूही नको, लहान बाळाचा असला तरी. आपली कातडी आम्लधर्मी, त्यांची उदासीनकडे झुकणारी, त्यांच्यासाठीचा वेगळा मिळतो. कडुनिंबाच्या पाल्याबद्दल भांडत नाही, पण यीस्ट त्याने आटोपणार नाही.

पावसाळा आहे म्हणून आणखी एक. गोचिडांसाठी मानेवर थेंब टाकायचं औषध वापरत असाल तर त्याच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. ते औषध कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं, शाम्पूने ते तेलच निघून जातं. दोन्हींचं वेळापत्रक डॉक्टरांकडून बसवून घ्या.

सुदामानगरवाली | १० जुलै, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांनी वाइप्स लिहून दिले, तीन आठवडे म्हणाले. कान साफ आहेत. वही अशी :

मंगळवार. सकाळी साडेसहाला नळ आले. सातला मोटर लावली. बंड्या दिवाणाखाली. आंघोळीचा विषयही नव्हता.

बुधवार. मुद्दाम बादली-मग घेऊन त्याच्यासमोरून तीनदा गेले. वास घेतला, झोपला.

गुरुवार. नळ. मोटर. दिवाण. दुपारी साडेबाराला बाहेर आला.

शुक्रवार, म्हणजे आज. नळ नाहीत. मी बाथरूममध्ये कपडे भिजवत बसले होते. हा उंबऱ्यापर्यंत आला, पुढचा उजवा पाय टाइलवर ठेवला, तो जरासा सरकला, पाय उचलून आपला परत गेला.

मला तर काहीच अर्थ लागत नाहीये, दोन दिवस भित्रा आणि दोन दिवस शूर.

लष्कर_ग्वाल्हेर | १० जुलै, रात्री ९:३५

ताई, तुमच्याच वहीत आहे की. तो पाण्याला भीत नाही, मोटरला भितो. मागच्या वर्षी रंग धुतला तेव्हा मोटर चालू होती का?

सुदामानगरवाली | १० जुलै, रात्री ९:५८

अरे देवा.

बाहेरच्यांसाठी सांगते : आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळ आले की खालचा हौद भरतो, मग जिन्याखालची मोटर लावून वरची टाकी. घरची सगळी 'पाण्याची' कामं नळाच्या दिवशी. गोधड्या, गच्ची, ओटा आणि बंड्या. बोरिंगच्या जड पाण्याला फेस येत नाही म्हणून त्याची आंघोळही कायम नर्मदेच्याच पाण्याने, नळाच्याच दिवशी. रंगपंचमीच्या दिवशी टाकी संपली होती, आम्ही त्याला घासत होतो आणि भिंतीपलीकडे मोटर घरघरत होती. पाऊण तास.

परवा त्याला ओढला तोही नळाचाच दिवस. सात वाजता मोटर लागली तेव्हाच तो दिवाणाखाली गेला होता, आणि आम्ही समजलो आंघोळीचा शाम्पू बघून गेला.

पोहे_शेव_मारके | १० जुलै, रात्री १०:११

भिया, म्हणजे नर्मदेकाठच्या जालूदहून पाणी चढवून आणायचं इंदूरला आणि घाबरायचं बंड्याने 😄

अर्धी_डॉक्टर | ११ जुलै, सकाळी ६:५०

लष्कर दादांना सलाम, मी उगाच कान शोधत बसले.

आता याचं काय करायचं ते. पाव्हलॉव्हची घंटा शाळेत सगळ्यांनी वाचलीय : अन्नाआधी रोज घंटा वाजवली, तर पुढे नुसत्या घंटेनेच कुत्र्याची लाळ गळू लागली. तुमच्या घरात घंटेच्या जागी मोटर आहे आणि अन्नाच्या जागी पाऊण तासाची घासाघीस. ती गाठ तशी सुटत नाही, तिच्यावर दुसरी गाठ मारावी लागते.

मोटरचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. नळ नसलेल्या दिवशी, शेजारच्या खोलीतून, जेमतेम ऐकू येईल इतका हळू लावा. आवाज सुरू, मग एक-दोन सेकंदांनी खाऊ. आवाज बंद, खाऊ बंद. हा क्रम उलटा झाला तर सगळं फसतं. आधी तुकडा दाखवला आणि मग मोटर लागली, तर चार दिवसांत तो तुकड्यालाच भिऊ लागेल. बरेच लोक इथे चुकतात आणि म्हणतात, खाऊ देऊनही उपयोग झाला नाही. खाऊसुद्धा रोजचं बिस्किट नको, एरवी कधीच मिळत नाही असं काहीतरी.

तुकडा घेत नसेल तर आवाज जास्त आहे, कमी करा.

नळाच्या दिवशी खरी मोटर लागण्याआधी त्याला मागच्या खोलीत न्या किंवा फिरायला काढा. निदान सुरुवातीला.

आणि आंघोळ नळाच्या दिवशी कधीच नको. हौदातलं पाणी दुसऱ्या दिवशी नर्मदेचंच असतं!

मोटर, फरशी आणि अंगावर पडणारं पाणी ही तीन वेगळी भांडणं आहेत. एका दिवशी एकच सोडवा.

सुदामानगरवाली | १७ जुलै, रात्री ८:४५

प्रगती. खाऊचा प्रश्न होता. आमचं घर शाकाहारी, सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. पनीर दिलं तर ते तो एरवीही मागून खातो. शेवटी सापडलं काय, तर उकडलेला लाल भोपळा! मीठ-तेल काही नाही. आम्ही कुणी खात नाही तो भोपळा हा प्राणी डोळे मिटून खातो.

फोनवरची मोटर आता निम्म्या आवाजावर आहे. काल आवाज सुरू झाल्याबरोबर त्याने फोनकडे न बघता माझ्या हाताकडे बघितलं. मी बोलावलं नव्हतं.

फरशी : काकांचं पोतं अंथरलं. पहिल्या दिवशी पोत्यावर चढून त्याने गव्हाचे दाणे शोधले. आता जाता-येता उगाच आत जाऊन बसतो.

छत्रीबागचे_काका | १७ जुलै, रात्री ९:१०

पावसाळ्यात पोतं वाळणार नाही, कुबट होईल. बोहारणीला देऊ नका, रबरी मॅट मिळेपर्यंत दोन पोती आलटून पालटून ठेवा.

सुदामानगरवाली | २१ जुलै, रात्री १०:३०

सगळं पाण्यात गेलं, अक्षरशः.

काल बंड्या आपण होऊन पोत्यावर उभा होता. मी ओल्या स्पंजने पाय पुसत होते, तो भोपळा खात होता. यांना वाटलं, आता जमलंच आहे तर उरकून टाकू. मागून येऊन बाथरूमचं दार ओढलं आणि मगभर पाणी पाठीवर टाकलं. पाणी कोमट होतं, हेतू चांगला होता. बंड्याने मला पाडून दाराला धडक दिली. माझं कोपर सुजलंय. आज तो पोत्याकडेही येत नाही, भोपळा लांबून बघतो.

यांच्याशी मी बोलत नाहीये. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्यावर रुसला नाही तो, दारावर रुसलाय. दार काढून ठेवा."

अर्धी_डॉक्टर | २२ जुलै, सकाळी ७:०५

आई बरोबर बोलल्या. कोंडला गेला हेच त्याला रंगपंचमीसारखं वाटलं. दार उघडंच राहू दे, शक्य असेल तर बाहेर ओट्यावरच धुवा. चार-पाच दिवस मागे जा, पोत्याबाहेर भोपळा, मग पोत्यावर भोपळा. पहिल्या वेळेपेक्षा लवकर येईल तो.

पाण्यासाठी एक युक्ती. मगाने वरून धार धरली की आवाजही होतो आणि चापटही बसते. जुना टॉवेल कोमट पाण्यात भिजवून पाठीवर पांघरा आणि मग टॉवेलवरूनच हळूहळू पाणी सोडा. त्याला धार जाणवत नाही, नुसतं जड आणि ऊबदार वाटतं. खांद्यापासून मागे जायचं. डोक्यावर पाणी घालायचंच नाही, तोंड शेवटी पिळलेल्या फडक्याने. मनगटाच्या आतल्या बाजूला ना गार ना गरम लागेल इतकंच कोमट, गरम पाण्याने खाज वाढते.

दादांशी बोला हो. जवळजवळ प्रत्येक घरात एकजण हे करतोच.

पोहे_शेव_मारके | २२ जुलै, सकाळी ९:३०

आमच्या घरात तो मीच. टॉवेलचं करून बघतो.

सुदामानगरवाली | ३ ऑगस्ट, रात्री ९:१५

आज पहिली पूर्ण आंघोळ!! ओट्यावर, दार-बीर काही नाही, हौदातलं पाणी, गिझरचं मिसळून. टॉवेलची युक्ती म्हणजे जादू आहे.

दहा मिनिटांचं कोडं सासूबाईंनी सोडवलं. त्या म्हणाल्या, फेस लावल्यावर त्याला तिथेच उभं करायचं असं डॉक्टरांनी कुठे सांगितलंय? फेस लावून, पट्टा घालून त्याला अंगणात आणलं. सासूबाई पाटावर बसल्या, वाटीत भोपळ्याच्या मोजून वीस बारीक फोडी. अर्ध्या मिनिटाला एक. घड्याळ त्यांच्या मांडीवर, बंड्याचे दोन्ही डोळे वाटीवर, अंगावर पांढरा फेस, नाकावर एक बुडबुडा. खाण्यात गुंतला म्हणून फेस चाटलाही नाही. वीस फोडी संपल्या, दहा मिनिटं झाली, धुतलं.

ज्या बाई "ओलं कुत्रं देवघरासमोरून जाता कामा नये" म्हणायच्या, त्यांनीच शेवटी स्वतःच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्याने त्याला पुसलं. नंतर त्याने वेड्यासारख्या अंगणाच्या आठ फेऱ्या मारल्या आणि तुळशीची कुंडी पाडली. त्यावर काही बोलल्या नाहीत.

अलकापुरीची_शलाका | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

नाकावरच्या बुडबुड्याचा फोटो कुठाय?

लष्कर_ग्वाल्हेर | ३ ऑगस्ट, रात्री १०:०२

वीस फोडींचं घड्याळ! वाखुसा (वाचनखूण साठवली). बोटांच्या बेचक्या आणि काखा नीट कोरड्या करा ताई, यीस्टला ओल हवीच असते. ड्रायर एवढ्यात नको, तो मोटरचाच चुलतभाऊ.

कडू_कारलं | ४ ऑगस्ट, सकाळी ८:००

कुत्र्यासाठी भोपळा उकडतात म्हणे. कलियुग.

सुदामानगरवाली | २२ ऑगस्ट, सकाळी ८:२०

काल डॉक्टरांनी पुन्हा चिकटपट्टीचा नमुना बघितला, यीस्ट जवळजवळ नाही. आता पंधरा दिवसांतून एकदा पुरे म्हणाले. काखेत मऊ करडी लव यायला लागलीय. यांनाही माफ केलं, फेस लावायचं काम आता त्यांचंच.

खऱ्या मोटरलाही गेले दोन आठवडे भोपळा चालू आहे. ती घरघरली की बंड्या दिवाणाखालून नव्हे, अंगणातून धावत जिन्याखाली येतो आणि स्विचखाली बसतो.

आज नळाचा दिवस, पण पाणी आलेलं नाही, लाइन कुठेतरी फुटलीय म्हणे. हा साडेसहापासून स्विचखाली बसून आहे. दर पाच मिनिटांनी वर बघतो, मग सासूबाईंकडे बघतो. त्या आत भोपळा चिरतायत.